पहिल्या किलोमीटरचा हिशेब

आष्ट्याच्या परिसरात पाच किलोमीटरची शर्यत भरवायला फार मोठं निमित्त लागत नाही. प्रजासत्ताक दिन असतो, शिवजयंती असते, एखाद्या नेत्याचा वाढदिवस असतो, नाहीतर कॉलेजचा वर्धापनदिन. पहाटे कमान उभी राहते, स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागतात, पाहुण्यांचं भाषण अपेक्षेपेक्षा लांबतं, झेंडा खाली येतो आणि शे-दोनशे पोरं रस्त्यावर सुटतात. या शर्यतींच्या मागेपुढे बरीच वर्षं काढल्यावर, कधी स्टॉपवॉच धरून तर कधी पळणाऱ्यांच्या तयारीत लक्ष घालून, एक गोष्ट इतक्या नियमाने दिसते की तिला योगायोग म्हणता येत नाही. पहिल्या पाचशे मीटरला जे पुढे असतात, त्यांतले बहुतेक शेवटच्या पाचशे मीटरला पुढे नसतात. काही तर चालत असतात. ही पोरं कमजोर नसतात. अंगात भरपूर जोर असतो, आणि सगळा घोटाळा त्या जोराचाच असतो. छोट्या शर्यतीत स्वतःची आजवरची उत्तम वेळ मोडायची असेल, तर जोर लावण्यापेक्षा तो आवरणं जास्त कामाला येतं, असं माझं मत झालं आहे. शर्यतीत, सरावात आणि शर्यत निवडतानाही. हे मत आपल्याकडे सहजासहजी पटत नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

आधी, ही उत्तम वेळ हवी कुणाला? रोख बक्षिसं तर ठरलेले गडीच नेतात. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगावच्या शर्यती करत फिरणारे काही पक्के धावपटू आहेत. त्यांचं नाव यादीत दिसलं की पहिले तीन नंबर कुणाचे, हे जाणकार आधीच सांगतात. बाकीच्या सगळ्यांना शर्यतीतून मिळतं ते एक प्रमाणपत्र, एक केळं आणि एक आकडा. प्रमाणपत्र कपाटात जातं, आकडा डोक्यात राहतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला तो गुणांच्या भाषेत कळतो. इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलाला मित्राशी तुलना करायला तो लागतो. चाळिशीत साखर वाढल्यावर पळायला लागलेल्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला तो डॉक्टरांच्या रिपोर्टपेक्षा जास्त आनंद देतो. शर्यतीत पहिला येणं दुसऱ्यांवरही अवलंबून असतं, कारण चांगले गडी आले नाहीत तर सुमार पळणाराही पहिला येतो. स्वतःची मागची वेळ मोडण्याचं तसं नाही, तिथे समोरचा गडी गैरहजर राहत नाही. म्हणून या आकड्याचा पाठलाग मला बालिश वाटत नाही. मात्र तो आंधळेपणाने केला तर वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहावं लागतं, आणि तेही इथे भरपूर दिसतं.

समजा एखाद्याला पाच किलोमीटर वीस मिनिटांत पळायचे आहेत. म्हणजे प्रत्येक किलोमीटर चार मिनिटांचा. आपल्याकडे असा पळणारा पहिला किलोमीटर साडेतीन मिनिटांत काढतो आणि तीस सेकंद कमावले म्हणून खूश होतो. दुसऱ्याला ३:५५ लागतात, तिसऱ्याला ४:१५, चौथ्याला ४:२०. शेवटी लोकांचा आवाज ऐकून उरलंसुरलं गोळा केलं तरी ४:१० च्या खाली येत नाही. बेरीज होते वीस मिनिटं दहा सेकंद. कमावलेले तीस सेकंद गेलेच, वर दहाचं कर्ज झालं. हे आकडे मी उदाहरणासाठी बांधले असले तरी त्यांचा चढउतार ओळखीचा आहे, कुठल्याही शर्यतीच्या वाटेवर किलोमीटरला एक माणूस घड्याळ देऊन उभा करा, असाच कागद हाती येतो. कारणही गूढ नाही. पाच किलोमीटरसाठी लागणाऱ्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या जोरावर तयार होते. प्रत्येकाचा एक वेग असतो, ज्याच्या आत शरीर हा जमाखर्च सांभाळू शकतं. त्याच्या वर जाता येतं, पण त्यासाठीचा साठा लहान आणि ठराविक असतो. तो वापरला की स्नायूंत आम्लता वाढते, श्वास तुटतो, मांड्या जड होतात. आणि वेग बराच खाली आणल्याशिवाय तो साठा पुन्हा भरत नाही. हा साठा पहिल्या सहाशे मीटरला उडवायचा की शेवटच्या सहाशे मीटरसाठी ठेवायचा, एवढाच प्रश्न असतो. शर्यत सुटताना तो कुणाला पडत नाही, कारण त्या क्षणी अंगात रग असते, बाजूचा पुढे जात असतो आणि साडेतीनचा वेग अगदी सोपा वाटत असतो. सोपा वाटतो हाच धोका, कारण त्याचा खर्च शरीर दोन-तीन मिनिटं उशिरा दाखवतं.

जगातल्या सर्वांत वेगवान माणसांनी हा हिशेब कसा सोडवला, तेही पाहण्यासारखं आहे. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने ७ ऑक्टोबर २०२० रोजी व्हॅलेन्सियात १०,००० मीटरचा जागतिक विक्रम केला, २६ मिनिटं ११ सेकंद. त्यातला पहिला अर्धा भाग १३ मिनिटं ७.७३ सेकंदांत आणि दुसरा १३ मिनिटं ३.२७ सेकंदांत. दोन्ही भागांत साडेचार सेकंदांचाही फरक नाही, आणि जो आहे तो दुसऱ्या भागाच्या बाजूने. ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवे लावले होते, वेगधारी धावपटू पुढे होते, सगळं नियोजन एकाच कामासाठी होतं: कुठेही वेग उसळू नये आणि कुठेही पडू नये. यावर एक रास्त आक्षेप येतो. डेव्हिड रुडिशाने २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला ८०० मीटरचा विक्रम केला तेव्हा पहिला फेरा ४९.२८ सेकंदांचा आणि दुसरा ५१.६३ सेकंदांचा होता, म्हणजे तिथे तर सुरुवातच वेगाने झाली. बरोबर आहे. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीत तो साठा पुरतो, आणि तो शेवटपर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नसतो. पण यातून आपल्या पोरांनी घ्यायची गोष्ट वेगळी आहे. शरीर अंतर मोजत नाही, वेळ मोजतं. जे पाच किलोमीटर जागतिक दर्जाचा माणूस तेरा मिनिटांत संपवतो, त्यालाच आपल्याकडे कुणाला पंचवीस, कुणाला पस्तीस मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटं पळणाऱ्यासाठी ही शर्यत छोटी नाहीच. त्याच्या शरीराच्या दृष्टीने ती चेप्टेगेईच्या दहा हजार मीटरपेक्षाही लांब आहे. म्हणजे जो जितका हळू, त्याला सुरुवात तितकी जास्त आवरायला हवी. आपल्याकडे प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं.

दुसरा आक्षेप असा येतो की शर्यत जिंकणारे कधी असा हिशेब करत नाहीत, मध्येच झेप घेतात आणि समोरच्याला तोडतात. तेही खरं. पदकाची शर्यत आणि वेळेची शर्यत हे दोन वेगळे खेळ आहेत आणि जिंकण्यासाठी कधी कधी वेळ खर्ची घालावी लागते. पण ज्याला पहिल्या तिनात यायचंच नाही, त्याने जिंकणाऱ्याचा डाव उचलून काय मिळवायचं? आणि जिंकणाऱ्यांच्या वेळांचा आलेख पाहिला तर तोही झेपांचा नसून पायऱ्यांचा असतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांची वेळ २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ९:३५.३७ होती. पुढच्या वर्षी वुहानला ९:३४.१३, मग बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६, २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत ९:२७.०९ आणि त्याच ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. दोन वर्षांत पंधरा सेकंद, आणि त्यांतल्या दोन पायऱ्या तर जेमतेम एकेका सेकंदाच्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे (आष्टी तालुका, आपलं आष्टा नव्हे) यांनी याच प्रकारात २०१८ साली साडेआठ मिनिटांच्या किंचित आत येऊन जुना राष्ट्रीय विक्रम मोडला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ पर्यंत पोचले. मध्ये त्यांनी स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, कधी एक सेकंदाने, कधी चाराने. वीस सेकंदांना जवळपास सहा वर्षं. आपल्या पोराला पुढच्या महिन्यात पाच किलोमीटरला दोन मिनिटं कमी हवी असतात. नवख्याची वेळ सुरुवातीला भराभर उतरते हे मान्य, पण ती उतरायची थांबते तेव्हाच खरं काम सुरू होतं.

ते काम म्हणजे सराव, आणि इथे तर आवरण्याची गोष्ट सर्वांत अवघड जाते. हा मुलूख कुस्तीचा आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून पदक आणलं, कुंडलचं मैदान आजही माणसांनी फुलतं. मेहनत म्हणजे अंगातून पाणी निघणं, हे इथल्या घराघरांत मुरलेलं आहे. त्यामुळे पोरगं पहाटे पळायला गेलं आणि दमून, धापा टाकत परत आलं नाही तर घरच्यांनाच वाटतं की याने आज टाळाटाळ केली. परिणाम असा होतो की पोरगं रोज त्याच रस्त्यावर, त्याच अंतरावर, जवळजवळ शर्यतीच्या वेगाने पळतं. पहिले दोन महिने वेळ सुधारते. मग थांबते. मग नडगी दुखायला लागते, झोप नीट लागत नाही, आणि वेळ उलटी वाढायला लागते. मग ते आणखी जोर लावतं. हा फेरा इतक्यांच्या बाबतीत इतका सारखा असतो की कुठल्या महिन्यात नडगीची तक्रार येणार, हे आधी सांगता यावं.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास पळायला लावत, त्यांतलं बरंचसं गप्पा मारता येतील अशा वेगाने. त्यात लांब शर्यतीचे गडी होते तसा ८०० मीटरवाला पीटर स्नेलही होता. रविवारी बावीस मैलांची डोंगरवाट तोही पळायचा, आणि दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीला याचा काय उपयोग, असा प्रश्न लोक विचारायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला स्नेलने ८०० मीटरचं आणि त्याच संध्याकाळी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने निरनिराळ्या दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव हलक्या वेगाचा आणि उरलेला खरोखर जोराचा, असं प्रमाण पुन्हा पुन्हा दिसलं. ललिता बाबर स्टीपलचेसकडे वळल्या त्याही मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येण्याची सवय लावून घेतल्यावर. लांब, संथ पळण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबी जाळून पळण्याची सवय लागते, पायांच्या शिरा-कंडरांना ओझं पेलायला वेळ मिळतो. यातलं एकही काम जोराने पळून लवकर उरकता येत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस जोर जरूर लावावा; पण तो लावायला पाय ताजे हवेत, आणि ते ताजे राहण्यासाठी बाकीचे दिवस हळू पळायला हवं. हळू म्हणजे किती, तर शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. गावातून असं पळताना लोक हसतात. ही अडचण दिसते त्याहून मोठी आहे, कारण अठरा वर्षांच्या पोराला नडगीपेक्षा हसण्याची भीती जास्त असते.

यावर भरतीच्या पोरांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. ते म्हणतात, आमच्याकडे वर्षं नाहीत, महिने आहेत. जाहिरात निघाली की ग्राउंड येतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत सोळाशे मीटरला वीस गुण, आणि पूर्ण गुण हवे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. सैन्यभरतीत हेच अंतर साडेपाच मिनिटांत मारलं तर साठ गुण असं गणित कितीतरी वर्षं चाललं. दोन सेकंदांनी नोकरी जाऊ शकते. अशा पोराला लिडियार्डची गोष्ट सांगणं म्हणजे उपाशी माणसाला शेतीचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. तरीही मी म्हणतो की त्याच्यासाठीच हा मुद्दा अधिक लागू पडतो. पाच दहाचा हिशेब म्हणजे चारशे मीटरच्या प्रत्येक फेऱ्याला साडेसत्याहत्तर सेकंद. भरतीचा पोरगा पहिला फेरा पासष्ट-अडुसष्टचा मारतो आणि तिसऱ्या फेऱ्याला नव्वदीकडे सरकतो. त्याचं भांडवल कमी नसतं, वाटणी चुकलेली असते. ती सुधारायला महिने लागत नाहीत, ठरलेल्या वेगाने फेरे मोजून पळण्याचे थोडे दिवस लागतात, आणि तेवढ्यावर सुटणारे सेकंद दुसऱ्या कुठल्याही उपायाने इतक्या स्वस्तात मिळत नाहीत. शिवाय सोळाशे मीटरलाही ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्याच खात्यातून येते. म्हणजे हलक्या पळण्याचा पाया त्यालाही हवाच, मग तो तीन महिन्यांचा का असेना. मुलींच्या आठशे मीटरचंही तेच. पावणेतीन मिनिटांच्या आसपास पळणाऱ्या मुलीने रुडिशाची सुरुवात करू नये.

जोर आवरायला न शिकण्याची किंमत फक्त सेकंदांत मोजली जाते असंही नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यानंतर ते अंतर तीन किलोमीटरवर आणण्यात आलं, पुढे ते आणखी कमी झालं. त्या घटनेचा मोठा भाग व्यवस्थेचा होता: जूनचा दमट उकाडा, दिवसाची वेळ, रांगेत ताटकळणं, पाण्याची सोय. त्याचं ओझं पोरांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण पस्तीस अंशांत, दमट हवेत, रात्री अर्धवट झोपून आलेलं शरीर जीव तोडून पळवलं की घाम वाळत नाही, आतलं तापमान चढत जातं आणि थांबण्याचा इशारा ऐकण्याची शक्तीच आधी जाते, हे प्रत्येक भरती अकॅडमीच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही. पाच किलोमीटर हे कुणालाही घाबरवणारं अंतर नाही, म्हणूनच त्याच्याबाबत गाफीलपणा जास्त.

आता आकड्याबद्दल. ज्या वेळेचा एवढा पाठलाग करायचा, ती वेळ खरी आहे का? आपल्याकडच्या बहुतेक शर्यतींचं अंतर मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलवर मोजलेलं असतं. मीटरचा आकडा टायरच्या हवेवर आणि झिजेवर हलतो. मोबाइल झाडी आणि वळणांत भरकटतो. दोन टक्क्यांची चूक म्हणजे पाच किलोमीटरला शंभर मीटर, आणि वीस मिनिटांवाल्याला शंभर मीटर म्हणजे चोवीस सेकंद. वर्षभराच्या प्रामाणिक सरावाने इतके सेकंद सुटले तर माणूस पेढे वाटेल. ही चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रोमानियातल्या ब्राशोव्हला केनियाच्या अॅग्नेस न्गेटिच यांनी दहा किलोमीटर २९ मिनिटं २४ सेकंदांत पळून विक्रम केला, आणि नंतर मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो पंचवीस मीटरनी कमी भरला. विक्रम गेला. चारच महिन्यांनी त्यांनी व्हॅलेन्सियात २८:४६ ची वेळ दिली, म्हणून ती गोष्ट गोड झाली. सगळ्यांची होत नाही. इथला कुणी कमी अंतराच्या शर्यतीत साडेएकोणीस मिनिटं पळतो, तो आकडा धरून बसतो, आणि पुढच्या, नीट मोजलेल्या शर्यतीत त्याच वेगाने निघतो. तो वेग त्याचा नसतोच. तिसऱ्या किलोमीटरला तो संपतो आणि आपला फॉर्म गेला असं समजून सरावात आणखी जोर लावतो. खोटा आकडा अशा रीतीने पुढच्या शर्यतीचा पहिला किलोमीटर बिघडवतो, म्हणून मी अंतराच्या प्रश्नाला किरकोळ मानत नाही. तेच उताराचं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका गावाहून दुसऱ्या गावाला अशी सरळ शर्यत ठेवली तर वेळ छान येते. पण विक्रमासाठीच्या नियमांत किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही आणि सुरुवात व शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, वारा पाठीशी धरून वेळ मिळू नये म्हणून. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून आलेल्याने ती वेळ सांगलीच्या सपाटीवरच्या वेळेशेजारी मांडू नये, ती वेगळ्या वहीत लिहावी.

आणि ऋतू. छोट्या शर्यतीला दहा-बारा अंशांची हवा सर्वांत मानवते. आपल्याकडे ती मिळाली तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर आला की वेळ विसरायची, पावसाळ्यात हवा दमट आणि कृष्णेला फुगवटा आला की रस्तेच बंद. म्हणजे वर्षात चांगल्या वेळेसाठी चारेक महिने. पण नेमके तेच महिने गळिताचे. पेठ–सांगली रस्ता असो की वाळवा, बागणी, दुधगावकडे जाणारे, पहाटेपासून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला, त्यात बैलगाड्या, आणि उसाच्या फडांवरून रस्त्यावर उतरलेलं धुकं. या रस्त्यावर कानात बोळे घालून वेगाचा सराव करणाऱ्याला मी धाडसी म्हणत नाही. जोराचे दिवस मैदानावर किंवा कॉलेजच्या आवारात करावेत, रस्त्यावर हलकंच पळावं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने. मुलींना तर अंधारात एकटीने रस्त्यावर पळण्याची मोकळीक बहुतेक घरांत नाहीच. त्यांची वेळ सुधारत नाही तेव्हा कारण पायांत शोधण्याआधी तिथे शोधायला हवं. चांगल्या हवेचे दिवस मोजके असल्याने दर रविवारी शर्यत पळण्याचा मोहही आवरावा लागतो. मोसमात दोन-तीन शर्यती वेळेसाठी निवडाव्यात. बाकीच्यांत पळायचंच असेल तर सराव म्हणून पळावं आणि मागे राहण्याची लाज सोडावी.

बुटांचं थोडक्यात. कार्बनच्या पट्टीचे बूट आल्यापासून वेळा उतरल्या हे खरं आहे, जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी चाळीस मिलिमीटरवर बांधावी लागली. पण पहिल्या किलोमीटरला तीस सेकंद उधळणाऱ्याला वीस हजारांचा बूट काय परत करणार? साधा, मापाचा, झिजला की बदललेला बूट बहुतेकांना पुरतो.

शेवटचा आक्षेप पळणाऱ्यांपेक्षा न पळणारेच अधूनमधून घेतात: तब्येतीसाठी पळा, घड्याळ कशाला? ज्यांना तसं पळायचं आहे त्यांनी तसंच पळावं, त्यात उणं काही नाही. पण आकड्यामुळे माणूस टिकतो, हेही मी पाहत आलो आहे. तब्येतीसाठी सुरू केलेलं पळणं पहिल्या पावसात बंद पडतं. पुढच्या जानेवारीत अर्धा मिनिट कमी करायचं ठरवलेला माणूस पाऊस थांबायची वाट बघतो. वयाची अडचण आहेच, पस्तीस-चाळिशीनंतर वेळ एका टप्प्यावर उतरायची थांबते आणि पुढे वाढायला लागते. तेव्हा चाळिशीनंतरची, पन्नाशीनंतरची अशी नवी वही उघडता येते, जगभर वयोगटांचे विक्रम याच समजुतीवर उभे आहेत. फक्त त्या वहीतली दोन पानं एकमेकांशी ताडून पाहता आली पाहिजेत, आणि त्यासाठी दरवर्षी तेच, खरं अंतर हवं.

ते आष्ट्यात करता येण्यासारखं आहे. मोटारसायकल बाजूला ठेवावी. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र बसवून, स्टीलच्या टेपने मोजलेल्या किमान तीनशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर ते आधी आणि नंतर तपासून घ्यायचं, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडा बदलतो. मग पळणारा ज्या सर्वांत जवळच्या रेषेने वळणं घेईल त्या रेषेने, कडेपासून तीस सेंटिमीटरवरून सायकल न्यायची आणि कमी भरू नये म्हणून हजारी एक जास्त धरायचं, पाच किलोमीटरला पाच मीटर. अडीच किलोमीटर जाऊन तिथूनच परत येणारा मार्ग घेतला की उताराचा आणि वाऱ्याचा प्रश्न आपोआप मिटतो. प्रत्येक किलोमीटरला डांबराच्या कडेला खिळा आणि वॉशर ठोकून शेजारी रंगाची खूण करावी. रस्ता पुन्हा केला तर पुन्हा मोजावं लागेल, पण तोवर बरेच मोसम निघतील. मुख्य रस्ता यासाठी नको, आतला कमी वर्दळीचा घ्यावा. मोजणी ऑक्टोबरच्या अखेरीस, एखाद्या रविवारी पहाटे उरकावी. कारखान्यांचे भोंगे वाजून ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की कडेची ती तीस सेंटिमीटरची रेषा कुणाच्या हाती लागत नाही.